बकुळीखालचा हिशेब

पूरमच्या उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी केरळातल्या त्रिशूरमधल्या एका कौलारू घराच्या ओसरीवर बसून मी पेरांवर मोजायला शिकत होते. शिकवत होते ते माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचे मामा. मामाला तिकडे अम्मावन म्हणतात, म्हणून मीही त्यांना अम्मावनच म्हणत होते, आणि ते मला 'मोळे', म्हणजे 'मुली', अशी हाक मारत होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षे काढल्यामुळे त्यांचे मराठी बहुतेक पुणेकरांपेक्षा स्पष्ट होते. "चार बोटांची पेरे बारा आणि अंगठ्याची दोन. झाली किती?" त्यांनी विचारले. चौदा, मी म्हणाले. "देवाने हात पांडीसाठीच घडवला आहे," असे म्हणून त्यांनी शेजारच्या तांब्यावर नखाने ठोका धरला आणि मला सुरुवात करायची खूण केली.

पांडी म्हणजे पांडीमेळम. चेंडा हे खांद्याला अडकवून उभे धरायचे आणि काठ्यांनी वाजवायचे वाद्य. त्याच्या जोडीला कोम्ब, म्हणजे आपल्या शिंगाच्या जातीचे वळणदार पितळी वाद्य, सनईच्या कुळातली कुळल आणि इलत्ताळम ही जाड काशाची झांज, एवढ्यांनी मिळून हा मेळ उभा राहतो. त्याचा पाया सात मात्रांचा, पण शास्त्राप्रमाणे तो सातांपासून सुरू होत नाही. पहिल्या पायरीत एक आवर्तन छप्पन्न मात्रांचे, मग अठ्ठावीस, मग चौदा आणि शेवटी सात. सात मात्रांचा रूपक नाट्यसंगीताच्या नादाने आमच्या कानांना जन्मापासून ठाऊक असतो. परंतु एका आवर्तनाला छप्पन्न मात्रा म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या हातून धागा सुटतो. अम्मावनांचे म्हणणे असे की, ज्याला धागा धरता येत नाही त्याला शेवटच्या सातांचा आनंद फक्त आवाजाचा मिळतो. चार वेळा हात भरला की छप्पन्न, एवढे लक्षात ठेव, बाकी चेंडा सांभाळून घेईल.

मला हे शिकावेसे वाटले याला कारण होते. पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात मी नऊ वर्षे झांज वाजवली आहे. ढोलवाल्यांचे फोटो निघतात, ताशेवाल्याच्या काड्यांवर लोकांचे डोळे खिळतात, ध्वज नाचवणाऱ्या मुलींची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. झांजेकडे कोणी बघत नाही, आणि बघू नये असेच झांजेचे काम असते. ती चुकली तरच ती ऐकू येते. लक्ष्मी रस्त्यावर तासनतास उभे राहून लय पुढे पळू न देणे म्हणजे काय असते ते मला माहीत होते, म्हणूनच अडीचशेच्या आसपास वादक दोन-अडीच तास एकत्र वाजवतात आणि लय सुटत नाही, हे ऐकल्यावर माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. ते वर्ष २०२३ होते. पूरम ३० एप्रिलच्या रविवारी आले होते आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, त्यामुळे रजेचा अर्जही फार खरडावा लागला नाही.

पूरम हे मुळात नक्षत्राचे नाव आहे, आपले पूर्वा फाल्गुनी. मल्याळी पंचांगातल्या मेडम महिन्यात, म्हणजे आपल्या एप्रिल-मेच्या सुमारास, चंद्र या नक्षत्रात येतो तेव्हा हा उत्सव होतो. आपल्याकडे 'पूर्वा' म्हटले की शेतकऱ्याला भाद्रपदातला पाऊस आठवतो, सूर्य त्या नक्षत्रात असतो तेव्हाचा. त्रिशूरकराला त्याच शब्दाने वैशाखातले ऊन आठवते. गंमत अशी की त्रिशूरच्या पूरमचा जन्म मात्र पावसातूनच झाला, असे सांगतात. पूर्वी या भागातल्या देवता जवळच्या आराट्टुपुळच्या पूरमला जात असत. एका वर्षी मुसळधार पावसामुळे त्रिशूरकडच्या मंडळींना पोहोचायला उशीर झाला आणि त्यांना तिथे सामील होऊ दिले नाही. ती मंडळी गाऱ्हाणे घेऊन कोचीनचा राजा शक्तन तंपुरान याच्याकडे गेली, आणि त्याने आपल्याच गावात, वडक्कुंनाथनाच्या देवळासमोर, नवे पूरम बसवून दिले. शक्तनची कारकीर्द १७९० ते १८०५, म्हणजे इकडे पुण्यात उत्तर पेशवाईचा खेळखंडोबा चालला होता तोच काळ. देवळाभोवतीचे सागाचे रान तोडून त्याने मैदान मोकळे केले. मैदानाला आजही तेक्किनकाडू, म्हणजे सागवन, असेच म्हणतात, जरी तिथे सागापेक्षा चहाच्या टपऱ्या अधिक आहेत. रान तोडायला विरोध करणाऱ्या देवीच्या भगताचे मुंडके त्याने उडवले, अशीही कथा आहे. ती सांगताना अम्मावनांच्या आवाजात राजाविषयी तक्रार अजिबात नव्हती.

या सगळ्या मांडणीत मला सर्वांत आवडला तो यजमान. वडक्कुंनाथन म्हणजे शिव. शेकडो वर्षांच्या तुपाच्या अभिषेकाने त्याची पिंडी तुपाच्या ढिगाखाली झाकून गेली आहे आणि दर्शनाला दिसतो तो ढीगच. हा देव पूरममध्ये भाग घेत नाही. त्याची मिरवणूक निघत नाही, त्याचा हत्ती नाही, त्याची छत्री नाही. गावोगावच्या देवता आपापल्या हत्तींवर बसून त्याच्या अंगणात येतात, वाजवतात, भांडतात, मिरवतात आणि निघून जातात, आणि हा आपला आत तुपात बसून असतो. पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी ही दोन मुख्य देवळे, त्यांच्यातली ईर्ष्या हाच उत्सवाचा प्राण. त्यांच्याबरोबर आणखी आठ लहान देवळे. पहिला येतो तो कणिमंगलमचा देव शास्ता, आणि तो भल्या सकाळीच येतो, कारण त्याला ऊनही लागू नये आणि पाऊसही, असा संकेत आहे. सकाळी त्याला बघायला गेलो तेव्हा त्याच्यासमोर गर्दी होती ती मुख्यतः म्हाताऱ्या माणसांची. त्यांनाही बहुधा ऊन सोसत नसावे.

साडेअकराच्या सुमारास नडुविल मठासमोर तिरुवंबाडीचे पंचवाद्य सुरू झाले. तिमिल, मद्दळम आणि इडक्का ही चर्मवाद्ये, शिवाय इलत्ताळम आणि कोम्ब, अशी ही पाच वाद्ये. त्याचे पहिले आवर्तन आठशे शहाण्णव मात्रांचे असते, मग चारशे अठ्ठेचाळीस, दोनशे चोवीस, असे निम्म्या-निम्म्याने ते उतरत जाते. या वादनाला आजचा बांधीव आकार दिला तो विसाव्या शतकातल्या तिरुविल्वामलचे वेंकिच्चन स्वामी यांच्यासारख्या मद्दळमवादकांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी; त्यामुळे 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द पंचवाद्याच्या बाबतीत जरा जपून वापरावेत. मी दोनदा हात भरला, तिसऱ्यांदा चुकले आणि मोजणे सोडून ऐकत राहिले. वरच्या वडाची सावली चांगली होती. त्याच जागी २०२१ साली, करोनामुळे प्रेक्षकांविना झालेल्या पूरममध्ये, झाडाची मोठी फांदी कोसळून दोन माणसे गेली होती, हे मला नंतर कळले. आधी कळले असते तर मी बहुधा उन्हातच उभी राहिले असते.

तिथून आम्ही लवकर निघालो, कारण अम्मावनांचे खरे लक्ष इलंजित्तरमेळमकडे होते. इलंजी म्हणजे आपली बकुळ आणि तर म्हणजे झाडाभोवतीचा पार. वडक्कुंनाथनाच्या आवारात एका बकुळीच्या बुंध्याशी हा मेळ होतो. मूळचे झाड कधीच पडले. आताचे नंतर लावलेले आहे. पांडी हा प्रकार एरवी देवळाच्या आवाराबाहेर वाजवायचा असतो, आवारात पंचारी हा दुसरा मेळ वाजवायचा. या एका जागी मात्र पांडी आत वाजते. असा अपवाद का झाला हे मी अम्मावनांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बकुळीला विचार." मी झाडाजवळ गेले. खाली मातीत वाळलेली दोन-चार फुले सापडली, ती मी रुमालात बांधून घेतली. बकुळ वाळल्यावर अधिक वास देते हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असते, तसे ते अम्मावनांनाही माहीत होते.

अडीच वाजायला आले तेव्हा अंगण पुरुषांनी गच्च भरले होते. बायका होत्या, पण मोजक्या. मैत्रीण आणि मी एका भिंतीच्या कडेला, हत्तींच्या रांगेच्या टोकाशी उभ्या राहिलो. अम्मावनांनी तोर्त नावाचा पातळ पंचा पाण्यात भिजवून आमच्या डोक्यांवर टाकला होता आणि बाटलीत संभारम, म्हणजे आले-मिरची घातलेले ताक, दिले होते. समोर पारमेक्कावूचे पंधरा हत्ती एका ओळीत. पुढच्या रांगेत उरुट्टुचेंडा, म्हणजे मुख्य बोलांचा चेंडा, वाजवणारे नामवंत, त्यांच्या समोर तोंड करून कुळल आणि कोम्ब, नामवंतांच्या मागे ठेका धरणारा वीक्कन चेंडा आणि त्याही मागे इलत्ताळम. सगळ्यांचे अंग उघडे, कमरेला पांढरे मुंडू. या मेळाच्या म्होरक्याला प्रमाणी म्हणतात. १९९९ पासून चोवीस वर्षे पेरुवनम कुट्टन मारार हे इथले प्रमाणी होते. त्या वर्षी पहिल्यांदाच किळक्कूट अनियन मारार त्यांच्या जागी उभे होते, त्यामुळे अंगणात मेळ सुरू होण्यापूर्वीच एक कुजबुज होती, आपल्याकडे जुन्या गवयाच्या जागी नवा बसला की असते तशी.

पहिली थाप पडली ती इतकी सावकाश की मला वाटले अजून वाद्ये लावत आहेत. आमच्या पथकात पहिला ठोका असा असतो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात. इथे उलट होते. एवढी माणसे आवाज राखून ठेवत होती, आणि तो राखून ठेवलेला आवाज वाजवलेल्या आवाजापेक्षा अंगावर येत होता. मी पेरांवर अंगठा ठेवला आणि मोजू लागले. करंगळीपासून अनामिकेवर, तिथून मधल्या बोटावर, मग तर्जनीवर. शेवटी तर्जनीच्या टोकाने अंगठ्याची दोन पेरे. पहिले अर्धा तास मी नुसती धडपडले. कोम्बवाले एकदम सूर टाकत आणि माझे बोट चुकत असे. मग मी नामवंतांकडे बघणे सोडले आणि अगदी मागच्या रांगेतल्या एका इलत्ताळमवाल्याकडे बघू लागले.

तो पन्नाशीचा असावा. पोट सुटलेले, कपाळावर चंदन घामाने ओघळलेले. त्याच्या हातातल्या झांजा लहान पण चांगल्या जाड होत्या. डावी उताण्या तळहातात स्थिर आणि उजवी तिच्यावर अशी घासून पडत होती की आवाज फुटायच्या आधीच दाबला जाई. मला ती मनगटाची कळ ओळखीची वाटली. त्याचे डोळे प्रमाणींकडे नव्हते, कुणाकडेच नव्हते. हनुवटी मात्र प्रत्येक मात्रेला अगदी धान्याच्या दाण्याएवढी खाली जात होती. मी त्या हनुवटीवर बोट टेकवले, आणि माझा हिशेब जमला. पुढची तास-दीड तास मी त्या माणसाच्या हनुवटीवर पांडी ऐकली. छप्पन्नाचे अठ्ठावीस झाले तेव्हा मला ते कळले. आवाज वाढल्यामुळे नव्हे, तर हात दोनदाच भरल्यावर पुढचे सगळे हात एकदम वर गेले म्हणून. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी कलाश येतो, आणि त्या क्षणी अंगणातली हजारो माणसे दोन्ही हात हवेत फेकतात. हत्तींवर उभे असलेले लोक मोरपिसांचे पंखे, म्हणजे आलवट्टम, आणि पांढऱ्या चवऱ्या उंचावतात. कोणीही कुणाला खूण करत नाही. माझ्यापुढे उभा असलेला, शर्ट काढून कमरेला बांधलेला एक तरुण मुलगा डोळे मिटून उभा होता, आणि त्याचेही हात बरोबर त्याच क्षणी वर गेले. इथे सगळेच मोजत असतात, हे मला तेव्हा समजले. वाजवणारे अडीचशे असतील. मेळ चालवणारे अंगणभर होते.

चौदांवर आल्यावर माझा एक हात भरला की हात वर, असे सुरू झाले. सातांवर मोजायची गरजच उरली नाही. पांढऱ्या धुळीत, घामाच्या आणि हत्तींच्या लिदीच्या वासात, मीही हात वर फेकत होते, आणि माझी मैत्रीण, जी ऑफिसमध्ये हसतानाही तोंडावर हात धरते, ती मोठ्याने ओरडत होती.

इथेच मला थांबता आले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण मोजायची सवय एकदा अंगाला लागली की ती काय मोजायचे ते विचारत नाही. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर रांगेतला शेवटचा हत्ती होता. सोनेरी नेट्टिपट्टमखाली, म्हणजे हत्तीच्या कपाळावरच्या दागिन्याखाली, त्याचे कपाळ दिसतच नव्हते. दिसत होते ते कान, सोंडेचा खालचा भाग आणि पाय. पुढच्या उजव्या पायात साखळी होती आणि मागच्या पायात दुसरी. पायाशी एक पाप्पान, म्हणजे माहूत, काठी टेकून बसला होता. कलाश आटोपला आणि हात खाली आले, तेव्हा त्या हत्तीने पुढचा डावा पाय किंचित उचलून पुन्हा ठेवला आणि अंगाचा भार उजवीकडून डावीकडे घेतला. थोड्या वेळाने उलट. मी मोजू लागले. तेवीस मात्रा. मग एकोणीस. मग एकतीस. मग पुन्हा एकोणीस.

"त्याचे कान बघ, मोळे," अम्मावन माझ्या कानात ओरडले, "तालावर हलतात. हत्तीला मेळ कळतो." त्रिशूरमध्ये हे वाक्य मी त्या दोन दिवसांत निदान सहा माणसांकडून ऐकले. मी कान मोजले. ते तालावर हलत नव्हते. हत्तीला घाम येत नाही, नखांजवळची जागा सोडली तर त्याच्या अंगात घर्मग्रंथी नाहीत. कानांच्या पातळ कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर वारा घेऊन तो अंग थंड करतो. कान हलत होते ते उन्हाच्या हिशेबाने. मी हे अम्मावनांना तेव्हा सांगितले नाही, एक तर ऐकू गेले नसते, आणि दुसरे म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते ते मोडायचा मला हक्क आहे असे वाटले नाही.

तिकडे हत्तीवर प्रेम करणाऱ्यांना आनप्रेमी म्हणतात, आणि ते प्रेम खोटे नाही. आपल्याकडे दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तसे तिथे हत्तींचे फ्लेक्स लागतात. त्यांना पदव्या असतात, त्यांच्या उंचीवरून मित्रांमध्ये अबोला होतो, आणि कुठला हत्ती कुठल्या वर्षी कुठल्या देवतेचा तिडंब, म्हणजे उत्सवमूर्ती, घेऊन उभा होता हे रिक्षावाला न अडखळता सांगतो. या हत्तींपैकी कितीतरी मूळचे आसाम-बिहारकडचे. सोनपूरच्या जत्रेतून विकत घेतलेले, इथे येऊन मल्याळम शिकलेले. २०१८ च्या गणनेत केरळात माणसांच्या ताब्यातले ५२१ हत्ती होते. ती संख्या त्यानंतर घटतच गेली आहे, आणि उत्सव मात्र घटलेले नाहीत. म्हणजे राहिलेल्या प्रत्येक हत्तीच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक रात्री, अधिक ट्रकप्रवास आणि अधिक मेळ येतात. हा साधा भागाकार आहे, त्याला प्राणिमित्र असण्याची गरज नाही. २०२३ च्याच फेब्रुवारीत त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी श्रीकृष्ण मंदिराने उत्सवासाठी यांत्रिक हत्ती आणला. अम्मावनांना तो विषय काढलेला आवडला नाही. "उद्या यांत्रिक मारारही आणतील," ते म्हणाले.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मिरवणुकीतल्या दोन हत्तींमध्ये किमान ३ मीटर अंतर हवे, अशा प्रकारची बंधने घातली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. बातमी वाचली तेव्हा माझा अंगठा आपोआप पेरांवर गेला. पंधरा हत्तींच्या ओळीत फटी चौदा. चौदा त्रिक बेचाळीस. नुसत्या मोकळ्या जागेला ४२ मीटर, त्यात हत्तींची रुंदी मिळवायची. बकुळीखालच्या त्या अंगणात ती ओळ कशी मावणार? पंधरांऐवजी पाच-सहा हत्ती उभे राहिले तर पांडीची एक मात्राही कमी होणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण हे मत पुण्यात बसून देणे स्वस्त आहे, हेही मला ठाऊक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये कोल्हापूरजवळच्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत वनतारा या प्राणिकेंद्रात गेली तेव्हा तिला निरोप देताना रडणारी माणसे मी टीव्हीवर पाहिली, आणि मला अम्मावनांचाच चेहरा दिसला. ती माणसे खोटे रडत नव्हती. हत्तिणीच्या पायांच्या ज्या जखमांची चर्चा न्यायालयात झाली त्याही खोट्या नव्हत्या. दोन्ही खरे असताना काय करायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण कोणी हत्तीच्या कानांचा ताल सांगू लागले की आता मी पायांकडे बघते.

मेळ संपल्यावर हत्ती दक्षिणेच्या गोपुरातून बाहेर उतरले आणि कुडमाट्टम सुरू झाला, म्हणजे समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा हत्तींवरच्या रेशमी छत्र्या बदलण्याची चढाओढ. एका बाजूने हिरव्या काढल्या की दुसऱ्या बाजूने सोनेरी झालरीच्या. एकाने देवीची चित्रे उभारली की दुसऱ्याने दिव्यांच्या. कुठल्या छत्र्या येणार हे महिनोन्महिने गुप्त ठेवतात. तिरुवंबाडीने त्या वर्षी विश्वचषक हातात धरलेला मेस्सी हत्तींवर उभा केला, आणि भगवतीच्या उत्सवात अर्जेंटिनाच्या नावाने जो आरोळ्यांचा कल्लोळ उठला त्याने माझी करमणूक झाली. मात्र दुपारच्या त्या हनुवटीपुढे मला हे सगळे फिकेच वाटले. पहाटे तीनच्या सुमाराला होणाऱ्या आतषबाजीला अम्मावन येत नाहीत. "दारूचा वास मी तीस वर्षे पगार घेऊन घेतला आहे," असे सांगून ते झोपायला गेले. २०१६ साली कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल देवळात आतषबाजीची दारू पेटून शंभरावर माणसे मेली, त्यानंतर ते वेडिक्केट्ट, म्हणजे आतषबाजी, हा शब्दही घरात उच्चारू देत नाहीत, असे मैत्रिणीने हळूच सांगितले. आम्ही गच्चीवरून पाहिले. कौले थरथरत होती आणि शेजारची कुत्री पलंगाखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी पकलपूरम, दिवसाचे पूरम, मुख्यतः त्रिशूरच्या घरच्या लोकांचे; आणि मग दोन्ही देवता परस्परांचा निरोप घेतात, हत्ती समोरासमोर सोंडा उचलतात. आम्ही त्याआधी, सकाळीच, मैदानाभोवतीच्या स्वराज राउंड या रस्त्यामागच्या एका गल्लीतून चालत होतो. तिथे आंब्याच्या झाडाखाली एक हत्ती उभा होता. नेट्टिपट्टम उतरवलेले, अंगावर काही नाही. कपाळ किती लहान असते ते मी तेव्हा पाहिले. सोंडेच्या मुळाशी आणि कानांच्या कडांना गुलाबी ठिपके होते, आणि पट्ट, म्हणजे ताडाच्या झावळ्या, तो पायाखाली दाबून सोंडेने फाडून खात होता. हा कालचाच होता की दुसरा, मला सांगता आले नसते. माहूत जवळच कट्ट्यावर अंग टाकून झोपला होता, चेहऱ्यावर तोर्त ओढलेला. सगळीकडे शांत होते, आतषबाजीनंतरच्या सकाळी असते तसे. कुठेही चेंडा नव्हता.

हत्तीने उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला. माझा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला. अकराला त्याने पाय बदलला. मग सतराला. मग झावळी फाडण्यात थोडा वेळ गेला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

"काय मोजतेस?" अम्मावनांनी विचारले.

मी हत्तीच्या पायाकडे बोट केले. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मुंडूच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग मला दिसले की त्यांचा अंगठाही पेरांवरून फिरू लागला होता.